चेन्नईची माणसं अडखळतात

२ फेब्रुवारी, सोमवार
शेठला शेवटी कळलं की दुकानात अक्कल एकालाच आहे. अंबरनाथला पंपाचा कारखाना आहे, त्यांच्या मीटिंगरूमसाठी साउंड निवडायचा आहे. सिंधी शेठ मला म्हणाला, साईं आनंदा, ये काम तू देख. ही एक रूम पास झाली तर आणखी सहा रूम मिळणार, आणि सहाही माझ्या हाताखाली. मग हळदीत स्पीकरचे डबे उचलायला दुसरा गडी. तीन वर्षं कॅम्प चारच्या या साउंडच्या दुकानात हमाली केली. बास झालं.

सुजित मी पण येतो म्हणाला. कुळगावचा. बारावी पास, म्हणून बिलाच्या कॉम्प्युटरवर बसतो. त्याला म्हटलं, बारावीने आवाज वाढत नाही.

३ फेब्रुवारी, सकाळी ७
आटपाडीहून दादाचा फोन. डाळिंबाच्या फवारणीला माणूस पाहिजे, परत ये म्हणतो. रविवारपर्यंत सांग, नाहीतर दुसरा बघतो. म्हटलं, मी आता साउंड कन्सल्टंट आहे. तर म्हणे, म्हणजे नक्की काय करतोस? नववीत शाळा सोडली मी, अडाणी राहिला हा.

दुपारी: कार्डं छापायला टाकली. शंभर.

४ फेब्रुवारी
रूम बघितली. काचेचा डबा. बारा खुर्च्या आणि एक टीव्ही, त्यात चेन्नईचं हेड ऑफिस दिसतं. खरेदी तेजस्वी मॅडम बघतात. सांगायला लागल्या, आमचं तिकडे नीट पोचत नाही, तर तुम्ही... मी मध्येच म्हटलं, मॅडम, सोनिवलीत हळद लागली की माझा आवाज बारवी धरणापर्यंत जातो, चेन्नईचं काय घेऊन बसलात. मॅडमनी वही मिटली. छाप पडली.

तिथे चहा द्यायला नवसीमावशी आहे, बारवीकडच्या पाड्यावरची. कप उचलता उचलता म्हणाली, बाबा, खोली लहान हाय. चहावाल्यांशी साउंडवर बोलायचं नाही, हा नियम.

५ फेब्रुवारी
सुजितने मोबाइलवर एक गोल डबा दाखवला. भाकरीएवढा. टेबलाच्या मधोमध ठेवायचा, त्यातच माइक, त्यातच स्पीकर. म्हणे मीटिंगरूमला हेच लावतात. मी इतका हसलो की शेठ आतून बाहेर आला. म्हटलं, याच्यावर नवरदेव नाचेल का? शेठ म्हणाला, मीटिंग में नवरदेव किधर से आया? शेठचंही वय झालंय.

माझी निवड: पंधरा इंची स्पीकरचे दोन डबे. माइक एकच, कारखान्याच्या मोठ्या साहेबांपुढे. हळदीत माइक मानाच्या माणसाच्या हातात असतो, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. मीटिंग काय वेगळी असते?

६ फेब्रुवारी
बसवले. हॅलो चेक म्हटलं. काचा थरथरल्या. शेजारच्या खात्यातली माणसं काय पडलं म्हणून पळत आली. एक नंबर! मॅडम म्हणाल्या, एकदा चेन्नईला लावून बघू या. म्हटलं, कशाला, उद्या मीटिंग आहेच की.

संकल्प: उद्यापासून शर्ट इन.

७ फेब्रुवारी, सकाळी १०
कार्डं आली. साहेबांना एक, मॅडमना एक, वॉचमनला दोन.

दुपारी १
मीटिंग झाली. आपल्याकडे चेन्नईचा शब्द न् शब्द घुमत होता. पण चेन्नईची माणसंच अडखळतात. एक शब्द बोलतात, थांबतात, पुन्हा तोच बोलतात, मग कपाळाला हात लावतात. एवढं मोठं हेड ऑफिस आणि एकाला धड बोलता येत नाही. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, म्हणून मी आवाज वाढवला. तर आणखी अडखळायला लागली. एकाने कानातला हेडफोन उपटून टेबलावर आपटला.

साहेबांनी विचारलं, हे काय चाललंय? म्हटलं, साहेब, तिकडची माणसं बदलावी लागतील.

नवसीमावशी बिस्किटं ठेवत होती. ती म्हणाली, डोंगराकडं तोंड करून हाक मारली तर आपलीच हाक माघारी येते, तसं झालंय त्यांचं. त्यांचं बोलणं या डब्यांतून येतं, या माइकात शिरतं, नि परत त्यांच्याच कानात.

मॅडमनी उठून डब्यांचा आवाज पार खाली केला. चेन्नईचा माणूस लगेच घडाघडा बोलायला लागला.

योगायोग.

८ फेब्रुवारी, रविवार
दादाला कळवलं, येत नाही. सहा रूमचं काम डोक्यावर आहे.

९ फेब्रुवारी
शेठने सुजितला ती भाकरी घेऊन पाठवलं. पाच मिनिटांत लावली म्हणे. याला काम म्हणतात का? ना वायर, ना शिडी, ना घाम. तपासायला मॅडमनी नवसीमावशीला दारातून बोलायला लावलं. ती म्हणाली, चा घ्या. चेन्नईवाले हसले, तिकडून थँक यू म्हणाले.

सहा रूम सुजितकडे.

दादाला फोन लावला, सहजच. फवारणीला माणूस लागलाय म्हणाला. तुझं मोठं काम आहे ना, ते सांभाळ. मी म्हटलं, हो, ते विचारायलाच फोन केला होता, माणूस मिळाला का.

१२ फेब्रुवारी, दुपारी ४
सोनिवली. हळद. मोठं मैदान म्हणून शेठने मुद्दाम मला पाठवलं. डबे मीच उतरवले, दुसऱ्याला जमत नाही. नवरदेवाच्या काकाला कार्ड दिलं. त्याने ते दुमडून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं.

स्टेजवर चढून माइक घेतला. हॅलो चेक म्हटलं. समोर नवे टॉवर उभे राहिलेत. हॅलो चेक माघारी आलं. मी थांबलो. पुन्हा म्हटलं. पुन्हा माघारी आलं. काका खालून ओरडला, ए साउंडवाल्या, अडखळतोस कशाला रे? बोलता येत नाही का?

खाली उतरलो आणि डब्यांची तोंडं फिरवली.