रेशमाचा डोळा, नमुना एकतीस

३ जानेवारी, सकाळी ७.४०
संकल्प. रोज डायरी. रोज चालणे. फेब्रुवारीअखेर रेशमाचा डोळा तयार, मगच बायकोला फोन. हात हलवत फोन करण्यात अर्थ नाही. ती मुलीला घेऊन हवापालटासाठी भावाकडे गेली आहे. चौदा महिने झाले. तिकडची हवा चांगली असावी.
चालणे उद्यापासून. बूट सापडत नाहीत.

५ जानेवारी
रेशमाचे कोष सोड्यात उकळले. डिंक निघून गेला, खालचं प्रोटीन उरलं. ते विरघळवून काचेवर ओतलं की कांद्याच्या सालीसारखी पातळ फिल्म होते. त्यात रंग, दोन टोकांना तारा. उजेड पडला की करंट वाढणार, म्हणजे डोळाच. सिलिकॉनवाल्यांनी आता दुसरा धंदा बघावा.
लॅबभर उकडलेल्या किड्यांचा वास. मॅडमनी खिडक्या उघडल्या. मॅडम म्हणजे आमच्या हेड, माझीच जुनी विद्यार्थिनी. पिपेट धरायला मी शिकवलं. मला अजिबात वाईट वाटत नाही. नाही म्हणजे नाही.

११ जानेवारी
चाललो नाही. गुडघा.

१९ जानेवारी
तीस नमुने झाले, सगळे ढिम्म. मॅडम म्हणाल्या, सर, हा विषय थांबवायचा का? मी अत्यंत शांतपणे उत्तर दिलं. शेजारच्या बेंचवरचे दोघे उठून बाहेर गेले.

२ फेब्रुवारी, दुपारी १२.१०
एकतीस नंबरला दिसतं!!
दिवा लावला, जवळ वाकलो, म्हटलं, बाबा रे, आता तरी. मीटरचा काटा सरकन वर. पुन्हा केलं. पुन्हा वर.
मुलीला मेसेज टाकला: तुझ्या बापाने इतिहास घडवला. उत्तर आलं. एक अंगठा.

९ फेब्रुवारी
रोज सकाळी तासभर एकतीसपाशी. दिवा लावायचा, जवळ बसायचं, रीडिंग घ्यायचं. घेताना आपलं काहीबाही बोलतो. ऑम्लेट करपलं. गुडघा जिना उतरताना जास्त दुखतो. घरातल्या दोन खोल्या बंदच ठेवल्यात, झाडायला कमी. मन मोकळं झालं की रीडिंग जास्त येतं. संशोधनात मूडला फार महत्त्व आहे, पण हे पेपरात कुणी लिहीत नाही.

२० फेब्रुवारी
सत्तावीसला कमिटीपुढे डेमो. फोनवर बायकोला काय सांगायचं ते कागदावर लिहून काढलं. दीड पान झालं. तिची उशी उन्हात टाकली.

२६ फेब्रुवारी
सफाईच्या मावशी म्हणाल्या, सर, दिव्याचं काही नाही हो त्यात. काल दिवा बंद होता, मी टेबल पुसताना खोकले, तर काटा उडाला. मी हसून योगायोग म्हणजे काय ते समजावलं. बिचाऱ्यांना विज्ञान कळत नाही.
दिवा बंद करून बघायला वेळ झाला नाही. पाचपर्यंत खुर्चीतच बसलो होतो.

२७ फेब्रुवारी
कमिटीचे सहा जण. दिवा लावला. काहीच नाही. मोठा दिवा आणला. काहीच नाही. घाम फुटला. शेवटी वाकून म्हटलं, अरे, माझी लाज राख. काटा वर.
मॅडमनी दिवा बंद केला. म्हणाल्या, सर, आता पुन्हा बोला. एक ते दहा आकडे म्हटले. काटा वर.
श्वासाची वाफ. रेशीम ओल शोषतं, ओलं झालं की करंट वाढतो. उजेड त्याला कधी दिसलाच नव्हता.
सगळे गेल्यावर मॅडम हळूच म्हणाल्या, दमटपणा ओळखणारी रेशमी फिल्म पूर्वीच झाली आहे, सर. तो पेपर तुम्हीच मला वाचायला दिला होता.

१ मार्च, सकाळी ११
फोन केला. दीड पान बाजूला ठेवलं. झालं ते सांगितलं. ती हसली. किती दिवसांनी ऐकलं ते हसणं. मग म्हणाली, रोज काय बोलायचास त्याच्याशी? ऑम्लेट, गुडघा, बंद खोल्या, सगळं सांगितलं. मग म्हणाली, मी होते तेव्हा यातलं एक अक्षर बोलला नाहीस.
म्हटलं, तेव्हा काही दुखत नव्हतं. तेवढं बोलायला नको होतं.
कपाटातले माझे स्वेटर कुरिअर कर, म्हणाली. मी म्हटलं, भावाचा पत्ता आहे माझ्याकडे. म्हणाली, तिथे नको. आठ महिने झाले, आम्ही दोघी स्वतःच्या घरी राहतो.
नवा पत्ता लिहून घेतला. पिनकोड दोनदा विचारला.