सरखेलांना दिलेला तुमचा चेहरा

सेक्टर २, भिलाई
दिवाळीच्या आधीचा रविवार

तीर्थस्वरूप शामराव भाऊजींच्या पायांवर देवीदासचं डोकं, कृपा करून पाय मागे घेऊ नये. इकडे सगळे ठीक आहेत (म्हणजे जिवंत आहेत, त्यापुढे काही विचारू नका). तुमची तब्येत कशी आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही. दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहा, खाली सही करा, तारीख घाला आणि लगेच पाठवा. मंडळाच्या फलकावर लावायच्या आहेत.

महिना झाला, प्रेमलाताई माझा फोन घेत नाही. ताईविना माझी एकही भाऊबीज गेलेली नाही. एका वर्षी मला सुट्टी मिळाली नाही, तर ती गोंदियाहून ताट घेऊन कारखान्याच्या गेटपाशी उभी राहिली अन् मी हेल्मेटसकट ओवाळून घेतलं. यंदा ती आली नाही तर मी काय करू? म्हणून तुमच्या कानावर जे अर्धंमुर्धं आलं असेल ते पूर्ण लिहून राहिलो.

आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष विजयकुमार पुण्याला मुलीकडे गेले होते. तिथे कोणाच्या तरी दिवाणखान्यात त्यांना एक जुनं तैलचित्र दिसलं. मराठा आरमाराचे सरखेल गलबतावर लढता लढता पडले आहेत, भोवती धूर, खाली समुद्र. विजयकुमारांचं रक्त सळसळलं. मोबाइलवर फोटो काढून आणला अन् म्हणाले, देवीदास, हे आपल्या हॉलमध्ये पाहिजे, आठ फूट बाय पाच. मी एकतीस वर्षं सुरक्षा विभागात पोस्टरं रंगवलेला रिटायर माणूस, हुरळलो. (आमची सौभाग्यवती राधाबाई तेव्हाच म्हणाली होती, "नका पडू त्याच्यात." हे वाक्य ती आत्ता मागे उभी राहून माझ्याकडून लिहवून घेऊन राहिली.)

घरी येऊन पाहतो तर काय, मोबाइलचा फ्लॅश नेमका सरखेलांच्या तोंडावर! पागोट्यापासून जोड्यापर्यंत सगळं दिसते, चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा गोळा. समुद्राचं मी निभावलं, इथल्या मरोदा तलावाच्या काठी जाऊन बसलो अन् लाटा मनाच्या घातल्या. पण मरणारा चेहरा कुठून आणू? आमच्या विभागात मेलेला माणूस काढायची सोयच नव्हती, भाऊजी. एकतीस वर्षं मी फक्त वाचलेली माणसं काढली. हेल्मेट घातलेली, पट्टा बांधलेली, हसरी. तीनदा सरखेल काढले, तिन्ही वेळा ते शिफ्ट सुटल्यासारखे हसले.

शेवटी आमच्या सोनलच्या लग्नाचा अल्बम उघडला. त्यात तुम्ही जेवणानंतर मांडवातल्या खुर्चीत झोपलेले आहात. मान मागे, तोंड उघडं, एक हात खाली लोंबलेला, डोक्यावर फेटासुद्धा. काय सांगू, कलावंत म्हणून माझे डोळे भरून आले.

अनावरणाला चंदनाचा हार, समई, उदबत्ती, दोन मिनिटं स्तब्धता, सगळं यथासांग झालं. दुसऱ्या मिनिटाला आमची शेजारीण पंचफुलाबाई (दर भाऊबीजेला तुम्हाला आग्रहाने करंज्या वाढणारी) किंचाळली, "अवं माय! हे तं प्रेमलाताईचे मालक! कधी गेले?" अन् तिथूनच तिने गोंदियाला रडत फोन लावला. तुम्ही ताईच्या समोर बसून चहा पीत होते म्हणून बरं. पण "घरच्या जवायाले हार घातला?" एवढंच ताई मला बोलली अन् तिने फोन ठेवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक अजून दारात येऊन विचारतात, तेरवी गोंदियाला आहे की इथे.

म्हणून काल मी शिडी लावली, तुमचा चेहरा रंगाखाली बुजवला आणि आरशात पाहून तिथे स्वतःचा काढला. या वेळी मरणाचा भाव आणायला काही कष्ट पडले नाहीत. तुमच्यावरचं अशुभ टळलं. आता राग सोडा अन् दोघंही भाऊबीजेला या, एवढीच हात जोडून विनंती.

तुमचा अपराधी,
देवीदास

ता. क. पाकीट चिकटवून राहिलो होतो, तोच ताईचा फोन आला. महिन्याने! आमच्या धाकट्या सीमाने तिला नव्या चित्राचा फोटो पाठवला होता. ताई हमसून हमसून रडत होती. "माह्या भावाले कावून मारलं रे? भाऊबीज तोंडावर आली अन् त्याच्या गळ्यात हार?" मीही रडलो. म्हटलं, ताई, मग कोणाला मारू? तिने नाक पुसलं अन् म्हणाली, "आमच्या ह्यायलेच राहू दे तिथं. रोज दुपारी तसेच तं पडून रायतात."

ता. क. २. ती येऊन राहिली, भाऊजी! पण भाऊबीजेच्या आधी माझा चेहरा तिथून निघाला पाहिजे, ही तिची अट आहे. तुमचा तो फोटो राधाबाईने अशुभ म्हणून महिन्यापूर्वीच फाडून टाकला. तेव्हा हे पत्र मिळाल्या दिवसापासून दुपारी जेवून फेटा बांधूनच झोपावे, कुशीवर वळू नये, तोंड नेहमीसारखं ठेवावे. ताई मोबाइल घेऊन बाजूलाच बसणार आहे. वर मागितलेल्या दोन ओळी मात्र झोपायच्या आधी लिहा.