वन्सं, पिल्लं निघाली नाहीत

ती. वन्सं यांस,

वाळूत टेकून टेकून माझे गुडघे आता माझं ऐकेनासे झाले आहेत, तेव्हा वाकून करायचा नमस्कार बसल्या जागेवरून करते, तो पोचला असं समजा. तुमचा रक्तदाब कसा आहे? गोळी वेळेवर घेता ना? (घेतली म्हणून सांगता आणि डबीत तशीच ठेवता, हे मला माहीत आहे.) मी बरी आहे. उन्हाने इतकी रापले आहे की परवा आरशात बघून, ही कोण बाई आली म्हणून तिला पाणी विचारणार होते. फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही मला दुसरं वाक्य बोलू देत नाही आणि आजचा मजकूर एका वाक्यात मावणारा नाही.

माझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतलीत, पंखा बसवलात, टेम्पोवाल्यालाही सांगून ठेवलंत, हे वाचून भरून आलं. माझ्या घरट्यातून कासवाची पिल्लं निघाली की मी इथलं आवरून कायमची तुमच्याकडे येईन, हा शब्द मीच दिला होता. तो मोडायचा नाही. पण पिल्लांचं काय झालं ते सांगितल्याशिवाय पुढचं बोलता येत नाही.

तुमचे बंधू गेल्यावर चार दिवस हवापालट कर म्हणून तुम्हीच मला इकडे धाडलंत. हवा पालटली, पण खोलीत बसून तीच ती किती खाणार, म्हणून किनाऱ्यावर हिंडू लागले, तर तिथे फळ्यावर पाटी: कासवांच्या अभ्यासासाठी मदतनीस हवेत, तासन्‌तास बसण्याची तयारी हवी. शाळेच्या प्रयोगशाळेत उभा जन्म काचेच्या नळ्या धुतल्या आणि घरी तुमच्या बंधूंची वाट पाहिली (पाचला येतो म्हणत आणि आठला उगवत, तुम्हाला काय सांगायचं), त्यामुळे बसण्याच्या बाबतीत मी कुणाला हार गेले नसते. इथल्या मुख्य संशोधक बाई डॉक्टर आहेत, पण कासवांच्या. किनाऱ्यावरचे लोक त्यांना डॉक्टरीणबाई म्हणतात आणि कंबरदुखीवर औषध मागतात. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, कंटाळा येतो का? मी म्हटलं, येतो, पण मी त्याला काही म्हणत नाही. झाली नेमणूक.

काम असं की उजाडताच किनारा चालायचा. मादी रात्री येऊन अंडी घालून जाते, तिच्या येण्याजाण्याच्या रुंद खुणा वाळूत उमटतात. पण कधी कधी बाई वर येते, जागा बघते, थोडी उकराउकर करते आणि पसंत न पडल्यामुळे तशीच परत जाते. (साडीच्या दुकानात तुम्ही करता तसं, राग मानू नका.) तेव्हा खुणा दिसल्या की बारीक सळईने हलके चाचपायचं. वाळू घट्ट लागली तर खाली काही नाही. सळई एकदम मऊ आत गेली तर तिथे खड्डा आहे, म्हणजे अंडी आहेत. मग वरून जाळीचा पिंजरा ठोकायचा, पाटी लावायची आणि पिल्लं निघेपर्यंत आत बोट घालायचं नाही. माझ्या पहिल्याच आठवड्यात मला खुणा दिसल्या, सळई लोण्यात जावी तशी गेली, आणि मी घरटं जाहीर केलं.

त्यानंतर मी तिथून हलले नाही म्हटलं तरी चालेल. छत्री लावून दिवसभर बसायची. फोटो काढायला आलेल्या नवराबायकोला पिंजऱ्याला टेकू दिलं नाही. शेजारी जीवरक्षकाची उंच खुर्ची असते. हा गृहस्थ बोलतो कमी आणि शिट्टी जास्त वाजवतो, म्हणून त्याचं नावच शिट्टी. अंड्यांना त्रास होईल म्हणून मी त्याला शिट्टी हळू वाजवायला सांगितली. तो म्हणाला, काकू, बुडणाऱ्यालाही हळू बुडायला सांगू का? तेव्हापासून आमचं बरं जमतं. वाळूचं तापमान मी रोज घेत असे. वाळू जास्त तापली तर कासवांत मुलीच होतात, आणि माझं घरटं इतकं तापत होतं की सगळ्या मुलीच, असं मी तुम्हाला कळवलंही. (चला, आपल्या घराण्यात एकदाच्या मुली, असं तुमचं उत्तर आलं होतं.) खरं सांगू, मला तिथे बसायला आवडे ते दुसऱ्याच कारणाने. घरी जो येई तो मान वाकडी करून विचारी, आता कसं वाटतंय? इथे जो येई तो विचारी, कधी निघणार?

अखेर एका संध्याकाळी पिंजऱ्यातली वाळू मधोमध खचली. पिल्लं वर येताना अशीच खचते. मी पळत गेले (मी, पळत!), डॉक्टरीणबाईंना आणलं, शिट्टीने फिरायला आलेल्या सगळ्यांना गोळा केलं, आयांनी पोरांना कडेवर घेतलं. वाळू हलली. आणि एक खेकडा वर आला, त्याने आम्हा सर्वांकडे नीट बघून घेतलं आणि पुन्हा आत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, शेजारी असेल.

मुदत उलटली. वर आणखी काही दिवस थांबलो. मग नियमाप्रमाणे घरटं उकरायचं ठरलं. डॉक्टरीणबाई पालथ्या पडल्या, कोपरापर्यंत हात आत. मी अंड्यांची कवचं ठेवायला पांढरं कापड अंथरून बसलेली. कापडावर आधी आला पुठ्ठ्याचा एक डबा. मग प्लॅस्टिकचे चमचे. मग लहान मुलाचा पोहायचा चष्मा. कुणीतरी सहलीचा कचरा खड्डा करून पुरला होता आणि माझी सळई त्यातच गेली होती. मादीने उकरून बघितलं असणार आणि नाक मुरडून ती परत फिरली असणार. तिला कळलं, मला नाही. कुणी माझ्याकडे बघेना. तेवढ्यात वरून खुर्चीतून शिट्टीने विचारलं, "काकू, मुलगा की मुलगी?"

वन्सं, मला हसू फुटलं. वर्षभरात आलं नव्हतं तेवढं एकदम आलं. मी वाळूत बसले, मग आडवी झाले. डॉक्टरीणबाईंना वाटलं मी रडते आहे, म्हणून त्यांनी धावत पाणी आणलं. पाणी बघून मग थोडं रडलेही, आणलेलं वाया कशाला घालवा. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, कचऱ्याचं तापमान इतक्या निष्ठेने जगात कुणी घेतलं नसेल, आकडे जपून ठेवते.

आता शब्दाचं. पिल्लं निघाली की येईन असं म्हटलं होतं. पिल्लं निघाली नाहीत, निघणारही नाहीत. म्हणजे व्यवहाराने बघितलं तर मी तुम्हाला दिलेल्या शब्दातून सुटले. पण तुमच्याशी व्यवहाराने वागायची पद्धत आपल्या घरात नाही. इकडे डॉक्टरीणबाईंनी विचारलं आहे की वर्षभर राहाल का. किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला खरी घरटी आहेत (सळई त्यांनी स्वतः घातली आहे). मी म्हटलं, वन्संना विचारून सांगते.

घरच्यांना आठवण सांगा. लोभ आहेच, त्यात वाढ करण्याआधी खालचं वाचा.

तुमची,
कासवांनी नाकारलेली भावजय

ता. क. टाचेच्या भेगांचं मलम इथे मिळतं, ते पाठवू नका.

ता. क. पाठवायचंच तर स्वतःला पाठवा. दुसऱ्या टोकाची घरटी दोन आहेत आणि बसायला माणूस एक. कुत्री येतात. मी त्यांना जा म्हटलं की ती माझ्याजवळ येऊन बसतात. तुमचा आवाज ऐकला की चोर घर बदलतात, कुत्र्यांचं काय घेऊन बसलात. माझ्या बिऱ्हाडात दोन खाटा सहज मावतात.

ता. क. खोली रंगवलीत आणि मी टाळते आहे, असं तुम्हाला वाटेल. तसंच आहे. सकाळी उठल्यावर तुम्ही जो खोकता ना वन्सं, तो हुबेहूब यांचा खोकला आहे. चहा फुंकताना मान करता तीही. भिंतीपलीकडून रोज ते ऐकायचा धीर मला होत नव्हता, म्हणून पिल्लांचं निमित्त पुढे केलं. इथे वारा फार आहे, खोकला लांब जात नाही. पहिले काही दिवस तुम्ही पलीकडच्या घरट्याजवळ बसा. मी हळूहळू सरकत येईन.