पाच पावलांची ओळ

३ जानेवारी
निवृत्तीचा तिसरा दिवस. नगराध्यक्ष क्रुम्होल्त्सबाईंचा फोन. मे महिन्यात, जुना वेढा उठला त्या तारखेलाच, मुकेनटाल गावाचा सातशेवा वाढदिवस, त्यासाठी त्या वेढ्याच्या गोष्टीवर अर्ध्या तासाचं नाटुकलं हवंय. म्हणाल्या, नंतर सॉसेज आणि बिअर आहे, फार लांबवू नका.
पाच अंकी शोकांतिका द्यायचं ठरवलं. पद्यात. प्रत्येक ओळीला पाच पावलं, प्रत्येक पावलात एक हलकं अक्षर, एक जड. रोज चाळीस ओळी. ईस्टरपर्यंत काम फत्ते.

त्याच दिवशी, दुपारी
चार ओळी झाल्या. चौथीला सहा पावलं आहेत. पण चौथी फारच सुंदर आहे.

११ जानेवारी
आज दोन ओळी. हीटर दुरुस्त करणारा आला होता, लय तुटली. त्याला पहिला प्रवेश वाचून दाखवला. बिचारा भारावून लवकर गेला. हीटर अजून बंद.

६ फेब्रुवारी
यमक फक्त प्रवेशाच्या शेवटी. दार लागल्यासारखं वाटलं पाहिजे. अडचण एकच : वेढा उठला वसंतात, आणि आमच्या जर्मन भाषेत ‘वसंत’ला धड यमक नाही. ‘शरद’ला मात्र ‘मरतोस’ चपखल बसतं. वेढा शरदात नेला.
गेर्लिंडे म्हणाली, अरे, त्याच तारखेचा तर उत्सव आहे! ‘मे’ म्हण की, त्याला ढीगभर शब्द जुळतात.
ढीगभर जुळतात म्हणूनच नको. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला कलेतलं एवढंही कळू नये.

२ मार्च
पुनरुक्ती! आज सापडली. सरदारानं वेस बंद केलीय, त्याची बायको बाहेर राहिलीय. ती तीनदा म्हणते, ‘उघडा.’ पहिल्यांदा आज्ञा, मग विनवणी, मग नुसता श्वास. वेस उघडत नाही. पुढचे तीन अंक त्यावर उभे.
गेर्लिंडेनं विचारलं, पहारेकरी बहिरा आहे का?

१४ एप्रिल
पहिली तालीम. सरदार म्हणजे खाटीक वेंक. बोलीभाषेत शब्दांच्या शेपट्या गिळतो, पाच पावलांची ओळ साडेतीनवर लंगडते. मी काठीनं ताल धरला. तर म्हणतो, साहेब, असं ठेचून बोललो तर दुकानात गिऱ्हाईक टिकेल का?
सरदारीण म्हणजे केशकर्तनवाली ट्राउडेल. आवाज गोड, पण दर ओळीनंतर ‘नाही का?’ जोडते. मी विरोध केला. तिनं कात्री दाखवली. सध्या तिच्या ‘नाही का’ला अर्धं पाऊल धरतोय.
पहारेकरी म्हणजे गेर्लिंडेचा भाऊ रूडी, पोस्टमन. त्याला संवादच नाही. त्याची काळजी नाही.

९ मे
नाटक सव्वातीन तासांचं भरतंय. क्रुम्होल्त्सबाईंना सांगितलेलं नाही. एकदा रंगलं की घड्याळ कोण बघतं?

१७ मे
प्रयोग झाला. शांतपणे लिहितो.
दुसरा अंक. ट्राउडेल वेशीपाशी आली, म्हणाली, ‘उघडा, नाही का?’ आणि रूडीनं उघडलं. पहिल्याच हाकेला! ती क्षणभर थबकली, मग आत गेली. वेंकनं तिला मिठी मारली. लोक उभे राहिले, टाळ्या, बँड सुरू. मी ओरडत होतो, अजून तीन अंक आहेत! कुणीतरी माझ्या हातात बिअर दिली.
रूडीला जाब विचारला. म्हणतो, भावजी, बाई दारात उभी, पावसाची चिन्हं. माणूस कसा उघडणार नाही?
तरी टाळ्या पद्यालाच होत्या. पद्य लोकांच्या अंगात मुरतं, नकळत.

२० मे
क्रुम्होल्त्सबाईंचं आभाराचं पत्र. ‘कविता-बिवितांच्या भानगडीत न पडता रोजच्या साध्या बोलण्यात लिहिलंत, याचं सगळ्यांना कौतुक वाटलं.’
दोनदा वाचलं. पत्र खणात ठेवलं.

२३ मे, रविवार, दुपार
गेर्लिंडे इस्त्री करत होती. आपणहून म्हणाली, त्या तीन अंकांत पुढं होतं तरी काय? वाच ना.
काठी न घेता वाचलं. इस्त्री संपली तशी ती खुर्चीत बसली. तिसऱ्या अंकाच्या मध्यावर डोळा लागला तिचा.
उठवलं नाही. उरलेलं हळू आवाजात वाचलं.