स्टुलावरचं पोहणं

१ जानेवारी, सकाळ
रोजनिशी सुरू. कुणाला दाखवायला नाही, स्वतःसाठी. त्यामुळे इथे फक्त खरं लिहिणार.

काल मुलगी घर सोडून मैत्रिणीकडे राहायला गेली. अकाउंट्सच्या कोर्सचं शेवटचं वर्ष अर्धवट टाकलं, आणि कशासाठी? तर तलावावर लोकांना पोहायला शिकवणार! नोकरी म्हणे. मी एवढंच म्हणालो की पाण्यात हातपाय मारायला शिकवणारा कशाला लागतो, बेडकांना कोण शिकवतं? त्यावर ती म्हणाली, "बाबा, एकदा उतरून बघा, मग बोलू." जाताना दार आपटलंसुद्धा नाही. हळूच लावलं. त्याचाच जास्त राग आला.

संकल्प: या वर्षी पाच गोष्टी शिकणार. गिटार, फ्रेंच, चित्रकला, पाव भाजणं आणि पोहणं. सगळं घरच्या घरी, एकट्याने. शिकवणारे लोक फुकट मिरवतात हे सिद्ध झालं की कन्या मुकाट्याने घरी परत येईल आणि परीक्षेला बसेल. बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, आरंभशूर. दुर्लक्ष केलं.

९ जानेवारी
बोटं सोलली. गिटारला तारा लावणाऱ्याला स्वतःची बोटं नसावीत. खालच्या मजल्यावरचे मास्तर काठीने छत ठोकत होते, तेही बेतालात. ताल दुरुस्त करायला खाली गेलो तर म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. त्यांना वर बोलावलं आणि गिटार डोळ्यासमोर आडवी धरून दाखवली. ती खरोखर वाकडी आहे. माणसं पुरावा बघत नाहीत, म्हणी फेकतात.

२१ जानेवारी
गिटार माळ्यावर. सोडलेली नाही. ठेवलेली आहे. फरक असतो.

१६ फेब्रुवारी
फ्रेंचचं ॲप रोज विचारतं, सफरचंद कोणाचं आहे? मला काय करायचंय? ज्याचं असेल त्याने खावं. आज ऑफिसात साहेबांना फ्रेंचमध्ये गुड मॉर्निंग केलं. साहेबांनी दोन पावलं मागे सरकून विचारलं, घसा बसलाय का, घरी जा, इतरांना लागेल. अशा वातावरणात भाषा कशी फुलणार?

फ्रेंच तूर्त बंद. उच्चार पक्के आहेत. शब्द तेवढे राहिलेत.

२८ मार्च
बायकोचं पेन्सिल स्केच पूर्ण केलं. दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, हे गृहस्थ कोण?

रंग, ब्रश, स्टँड, सगळं माळ्यावर.

५ मे
पाव फुगला नाही. यीस्ट विकणाऱ्या दुकानदाराशी भांडलो. तो म्हणाला, पाणी उकळतं घातलंत का? घातलं होतं, पण त्याच्या तोंडावर कबूल करायला मी काही खुळा नाही. पाव दाराला अडकण म्हणून लावलाय. वाऱ्याने दार हलत नाही आता.

मुलीचा फोन नाही. मला नाही, म्हणजे. हिला येतो. मी घरात शिरलो की ही "बरं, ठेवते" म्हणते. मी का विचारू?

१२ जून
चार गोष्टींत मुद्दाम वेळ घालवला नाही, कारण खरी लढाई पोहण्याची. आजपासून श्रीगणेशा. हॉलच्या मध्यभागी स्टूल, त्यावर पालथं पडायचं, समोर लॅपटॉप. लॅपटॉपमधला माणूस करतो तसं करायचं. पहिल्याच दिवशी दोन्ही हात जमले. पाय टीपॉयला लागले. टीपॉय इथे कोणी ठेवला यावरून वाद. टीपॉय लग्नापासून तिथेच आहे, असं बायकोचं म्हणणं.

मास्तर वर येऊन विचारून गेले की मला फिट आली का. पोहतोय म्हटल्यावर त्यांनी स्टुलाखाली वाकून पाहिलं. जाताना म्हणाले, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. पुन्हा म्हण! या माणसाकडे स्वतःचं वाक्य नाहीच.

१७ जुलै
श्वासाचा अभ्यास. कपडे भिजवायच्या टबात तोंड बुडवून. बायको म्हणते, टब मोकळा करा, धुणं खोळंबलंय. या घरात कलेला जागा नाही.

२० ऑगस्ट
ऑफिसच्या मीटिंगमध्ये गुपचूप श्वास रोखून बसलो होतो. चेहरा निळा पडला म्हणे. साहेबांनी मीटिंग थांबवून रुग्णवाहिका बोलावली. खरं कारण सांगितलं. आता मजल्यावरचे सगळे मला "पाणबुडी" म्हणतात. जळतात.

८ सप्टेंबर
एक निरीक्षण. ही दर रविवारी सकाळी भाजी आणायला जाते आणि परत येते तेव्हा केस ओले. भाजी थोडी, भूक मात्र भरपूर. काहीतरी गुणगुणत असते. मंडईत एवढं काय आहे? विचारणार होतो, पण बॅकस्ट्रोक चालू होता. बॅकस्ट्रोकमध्ये स्टूल कलंडतं. स्टूल बनवणाऱ्यांना पोहण्याची काडीची माहिती नाही.

३ नोव्हेंबर
मुलीचा फोन. मला!

तिने तब्येत विचारली. मी पटकन सांगून टाकलं की फ्रीस्टाइल झाली, बॅकस्ट्रोक होत आला. तिने विचारलं, कुठे शिकलात? म्हटलं, हॉलमध्ये. पलीकडून विचित्र आवाज आला. रडत असावी. चूक कळल्यावर माणूस रडतोच. रडता रडता म्हणाली की ३१ डिसेंबरला सकाळी तलावावर या, मी असेन. आवाज तसाच आहे तिचा. थोडा बसलाय. पाण्यात राहून बसला असणार.

३० डिसेंबर
वर्षाचा आढावा. पाचपैकी चार गोष्टी इतरांमुळे राहिल्या: तारवाला, ॲपवाला, यीस्टवाला आणि बायकोचा चेहरा. पाचवी उद्या.

तिच्या खोलीत जाऊन आलो. तिचा टॉवेल अजून खुंटीवरच आहे. वर्षभर कुणी हलवला नाही, मीसुद्धा नाही. घर ओकंओकं वाटतं. हे लिहितो कारण कुणी वाचणार नाही. उद्या जिंकलो की तिला तडक घेऊन यायचं. बोलायची वाक्यं पाठ केलीत. पहिलं वाक्य: "आता बोलू."

३१ डिसेंबर, दुपार
नाकात अजून पाणी आहे. ठणकतंय.

गॉगल, टोपी, सगळं जय्यत. मुलीने टोपी बघितली. पोरगी वाळलीय. मी खोल बाजूला निघालो होतो, तिने नुसतं बोटाने दुसरं टोक दाखवलं. तिथे लहान पोरं होती. अपमान गिळला आणि उडी मारली.

हात बरोबर चालले. पायही बरोबर चालले. पण पोटाखाली स्टूल नव्हतं. हा मुद्दा वर्षभरात एकाही माणसाने सांगितला नाही.

बुडालो. खाली गेल्यावर सगळ्यांचा राग आला. लॅपटॉपमधल्या माणसाचा, मास्तरांचा, साहेबांचा. मग राग संपला आणि भीती वाटली. एवढंच वाटलं की पोरीशी नीट न बोलताच मरणार. हातपाय झाडत होतो, पाठ केलेलं पहिलं वाक्य आठवत नव्हतं. तेवढ्यात काठावरून तिचा आवाज आला. ओरडली नाही, घाईसुद्धा नाही.

"बाबा, उभे राहा."

उभा राहिलो. पाणी कमरेएवढं होतं.

पोरं बघत होती. पलीकडे खोल बाजूने एक बाई संथपणे हात मारत, पूर्ण तलाव ओलांडून काठाला लागली आणि टोपी काढून केस झटकू लागली. आमची ही होती. दर रविवारची मंडई!

मुलीने पाठीवर हात ठेवून खोकला थांबेपर्यंत वाट बघितली. हसली नाही. हसली असती तर भांडता आलं असतं. मी विचारलं, घरी येशील का? म्हणाली, परीक्षेला बसणार नाही, पण रविवारी जेवायला येईन. मात्र सोमवारपासून तुम्ही इथे यायचं. आधी पाण्यात तोंड बुडवून बुडबुडे काढायचे. मग बेडकासारखे पाय.

बेडकांना कोण शिकवतं, हे विचारायला तोंड राहिलं नव्हतं.

३१ डिसेंबर, संध्याकाळ
स्टूल माळ्यावर टाकून द्यायचं ठरवलं. माळ्यावर पोहोचायला स्टूलच लागतं. खालीच आहे.

सोमवारी सकाळी सातची बॅच. बॅचमध्ये सगळ्यात उंच मीच असणार. टॉवेल खुंटीवरून काढून पिशवीत भरलाय, तिला देईन. लवकर झोपायला हवं. बाईंना उशीर झालेला चालत नाही, असं तिच्या आईने सांगितलंय.