विहिरीच्या पाण्यातले मासे

आप्पा, तुम्ही गेलात तेव्हा मी शिरूरच्या कॉलेजात शिकत होते, त्यामुळे पुढे मी कोणतं काम धरलं ते तुम्हाला माहीत नाही. कारखान्याचं सांडपाणी शुद्ध केल्यावर खरंच किती निवळतं, ते मी तपासते. आत जाणाऱ्या पाण्याचा नमुना, बाहेर येणाऱ्या पाण्याचा नमुना, दोन्हींतला फरक. फरक बहुतेक ठिकाणी चांगला निघतो. पण आकडे उतरले म्हणजे विष उतरलं असं नसतं, म्हणून शेवटी मासे सोडतात. एका काचेच्या टाकीत शुद्ध केलेलं पाणी, शेजारच्या टाकीत तुलनेसाठी साधं चांगलं पाणी, दोन्हींत गप्पी मासे. चार दिवस बघायचं.

गेल्या उन्हाळ्यात दौंडकडचा, आपल्या वस्तीच्या वरच्या अंगाचा कारखाना माझ्याकडे आला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मासे मरतात, म्हणून तुलनेचं पाणी मी आपल्या विहिरीचं नेलं. दुसरं सुचलंच नाही. लहानपणचं अजून डोळ्यांसमोर आहे: शाळेचा फ्रॉक मी विहिरीच्या कडेला बसून धुते आहे, आणि तुम्ही मेंढरं तशीच सोडून धावत येता. "हितं साबण न्हाई लावायचा! खाली पाटावर जा. ह्ये पाणी पितो आपण, कळतंय का?" फेसाने भरलेला फ्रॉक हातात घेऊन मी रडत खाली गेले होते. त्या विहिरीबद्दल शंका घेणं मला जमण्यासारखं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या पाण्यातले काही मासे उलटे तरंगत होते. आपल्या विहिरीच्या पाण्यातले सगळे.

कारखान्याचे साहेब टाकीवर वाकले. "मॅडम, तुमच्या चांगल्या पाण्यातलेच मेले की! मग टेस्ट रद्द. तुमचंच पुस्तक म्हणतं." बरोबर होतं. तुलनेच्या पाण्यात मासे मेले तर निकाल धरत नाहीत. "आणलंत कुठून हो असलं पाणी?"

"जवळच्या एका विहिरीचं," मी म्हटलं. कोणाची, ते सांगितलं नाही.

पुन्हा केलं, कारखान्याला तारीख आधी कळवून. तसं कळवावंच लागतं. या वेळी साधं पाणी पुण्याहून नेलं, क्लोरीन उडवून. दोन्ही टाक्यांतले मासे जगले. अहवालात लिहिलं ते खरं आहे: त्या दिवशीच्या पाण्यात विषारीपणा आढळला नाही. रोजचं पाणी तसंच असतं का, हे लिहायला तिथे जागा नाही, आणि विहीर तर माझ्या कामात येतच नव्हती. ती नंतर मी स्वतः तपासली. जे जे मला तपासता येतं ते सगळं मर्यादेत निघालं. मासे कशाने मेले ते सापडलं नाही. सापडलं असतं तरी ते जमिनीखालून कुठून आलं, हे सिद्ध करणं माझ्या हातात नाही.

आईला सांगायला गेले. ती भाकरी थापत होती.

"मासं मेलं व्हय? आन् मी कशी जित्ती मग?" ती हसली. मग हात थांबला. "प्यायचं का न्हाई, तेवढंच सांग."

"पिऊ नको."

"मग काय पिऊ? टँकर कवा येतो, कवा न्हाई. हाय तरी काय त्यात?"

"ते सांगता येत नाही."

"येवढी शिकलीस, आन् सांगता येत न्हाई," ती म्हणाली. रागाने नाही. तिने ताट वाढलं आणि शेजारी विहिरीच्या पाण्याचा तांब्या ठेवला.

तुम्ही असतात तर तुम्हीही हेच विचारलं असतं, आणि मी हेच उत्तर दिलं असतं. त्यामुळे हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, ते एका परीने बरंच आहे. एवढंच सांगायचं राहिलं. माझ्या पिशवीत पुण्याच्या पाण्याची बाटली होती. ती मी बाहेर काढली नाही. तांब्यातलं पाणी प्याले, कारण आई बघत होती.