जावईबापूंसाठी बर्फाची परिभाषा

२ जानेवारी २०२६, शुक्रवार
सकाळी सारंगरावांचा फोन. आमचे नवे जावई. गुलमर्गची चार तिकिटं काढली म्हणाले. ते, आमची लेक प्राची, बायको अंबिका आणि मी. एकवीसला निघायचं. वर म्हणाले, मामा, तिथं शिकवणारा लावत न्हाई, स्की तुमीच शिकवा. हो म्हणून फोन ठेवला.

झालं असं की गेल्या वर्षी लग्नाच्या बैठकीत मी बोललो होतो, कॉलेजात असताना मनालीला स्की केलंय. व्याही किशनराव दरसाल हिमालयात ट्रेकला जाणारे. ऐकून खूश झाले आणि सोयरीक जमली. म्हणजे प्राचीचा संसार माझ्या स्कीवर उभा आहे. मनालीला मी गेलेलो नाही, एवढाच काय तो तपशील.

घाबरायचं कारण नाही. एकोणीस दिवस आहेत.

३ जानेवारी
नवी वही. पिंगळीच्या शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं. व्याख्या पाठ झाली की विषय आला, हे सांगून सांगून घसा बसला. आज पाच शब्द. बनी स्लोप: नवशिक्यांचा बारका उतार. पावडर: ताजा भुसभुशीत बर्फ. बाइंडिंग: बूट पायाखालच्या स्कीच्या पट्टीला धरून ठेवणारी कडी, माणूस पडला की आपोआप सुटते. पिझ्झा: पट्ट्यांची पुढची टोकं जवळ, मागची फाकलेली, वेग कमी होतो. फ्रेंच फ्राइज: दोन्ही पट्ट्या सरळ, वेग वाढतो. या लोकांना बर्फातही खाणंच सुचतं.

पाचही पाठ. निम्मं स्की आलं म्हणायला हरकत नाही.

६ जानेवारी
आज स्नोबोर्ड. एकच फळी, दोन्ही पाय त्यावर आडवे. डावा पाय पुढे तो रेग्युलर, उजवा पुढे तो गूफी. आपण कोण ते कळायला कुणीतरी मागून अचानक ढकलायचं, जो पाय आपसूक पुढे पडेल तो आपला. अंबिकेला सांगितलं. तिनं फारच मनापासून ढकललं. पाय कुठलाच पुढे आला नाही, कपाळ आलं. फ्रिजला पोचा. ती म्हणाली, आणखी एकदा बघू का? नको म्हणालो. मी गूफीच असणार.

९ जानेवारी, पहाटे ५
आजपासून रोज शंभर बैठका.

९ जानेवारी, सकाळी ८:३०
थंडी फार होती. खेळाडूनं अंग जपावं.

११ जानेवारी, रविवार
प्रात्यक्षिक! परभणीत बर्फ नाही, पण कापूस आहे. झरीच्या रस्त्याला एका जिनिंग कारखान्यात माझा जुना विद्यार्थी आश्रुबा सुपरवायझर आहे. कापसाचा ढीग दोन मजली, पांढराशुभ्र. उतार थेट ब्लॅक रनचा, म्हणजे पट्टीच्या लोकांचा. दिवाणाच्या दोन फळ्या नेल्या, बाइंडिंगला सायकलची ट्यूब. शिडीनं वर गेलो. फ्रेंच फ्राइज घेतले. हललोच नाही. पिझ्झा घेतला, कमरेपर्यंत आत गेलो. ट्यूब काही आपोआप सुटली नाही. कामावरच्या सगुणाबाईंनी खालून विचारलं, गुरुजी, कापसात काय हुडकायलाव? चौघांनी ओढून काढलं. आश्रुबा म्हणाला, पुन्हा येऊ नका गुरुजी, मालक माझी नोकरी खाईल.

निष्कर्ष: पावडर जास्त होती. तंत्र बरोबर.

१८ जानेवारी
एकशे चार शब्द पाठ. बैठका शून्य.

अंबिका म्हणाली, सारंगरावांना खरं सांगून टाका, पोरगा चांगलाय. हिला व्यवहार कळत नाही. उद्या गंगाखेडला सासरी प्राचीला कुणी टोमणा मारला, तुझा बाप थापाड्या, तर? माझ्यामुळं पोरीची मान खाली जाणार.

२३ जानेवारी, गुलमर्ग, सकाळी ११
बूट चढवायला पाऊण तास. प्राचीनं शेवटी शिकवणारा लावलाच. मी त्याला विचारलं, या उताराचा दर्जा कोणता, ग्रीन की ब्लू? तो म्हणाला, चाचा, पहले खड़े तो हो जाओ. उभा राहिलो. सपाट जागेवर, पण उभा. मग फ्राइज. मग उताणा. बाइंडिंग मात्र व्याख्येबरहुकूम सुटलं, आणि एक पट्टी एकटीच खाली चहावाल्यापर्यंत गेली. सारंगराव बघत होते. त्यांना म्हणालो, मनालीचा बर्फ वेगळा.

अंबिकेला एक शब्द येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा पँट घातलेली. शिकवणारा सांगेल तसं करत गेली, खाली पोचली आणि थांबलीसुद्धा. शैली बेशिस्त.

२३ जानेवारी, दुपारी ३
गुडघा टम्म. सारंगराव गरम पाण्याची पिशवी घेऊन खोलीत आले. म्हटलं, आता पोरीसाठी बोललंच पाहिजे. सगळं सांगून टाकलं. मनाली खोटं. चूक माझी, प्राचीला कुणी काही बोलू नका. बोलता बोलता रडू आलं.

ते हसायलाच लागले. म्हणाले, मामा, आमाला बैठकीतच कळलं होतं. तुमी हात धुवायला गेलात, तेव्हा मामींनी बाबांना सांगितलं की यांचं मनावर घेऊ नका, हे हैदराबादच्या पुढं कधी गेले न्हाईत. बाई खरं बोलती म्हणून बाबांनी तिथंच होकार दिला. मी विचारलं, मग शिकवा का म्हणालात? तर म्हणे, त्याशिवाय तुमी घरातून हलला नसता, असं प्राची म्हणली.

अंबिका पुन्हा उतारावर निघाली होती. तिला विचारलं, वर्षभर मला का नाही सांगितलंस? हातमोजे चढवत म्हणाली, तुमी सारखं मनालीचं सांगत होतात, मधी कसं बोलायचं?